फ्रिजवाल्या घरातली मुलगी

मार्च जवळ आला की जालन्यातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना गरीब मुलांची आठवण येते. हे मी कुजकटपणे म्हणते आहे, ठाऊक आहे मला. देणगी दिली की पावती मिळते, पावती लावली की आयकरात सूट मिळते, आणि त्या देणग्यांतून एक ट्रस्ट दर वर्षी आमच्या भागातली काही मुलं शहरातल्या खासगी शाळेत घालतो. पाचवी ते दहावी, फी, पुस्तकं, बस, सगळं. सूट मिळावी म्हणून का होईना, पोरं शिकतात, त्यात वाईट काही नाही. माझा राग त्या व्यापाऱ्यांवर कमी आणि माझ्यावर जास्त आहे. पण स्वतःला शिव्या देण्याआधी माणूस दोनचार इतरांना देऊन घेतो.

राजूरच्या पुढे एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक दोन, त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले. पहिली ते चौथी जी मुलगी माझ्या हाताखाली होती, तिच्याबद्दल हे लिहिते आहे. हुशार मुली मी पुष्कळ बघितल्या. ही वेगळी अशी की हिला वाचायला काहीच पुरायचं नाही. पाठ्यपुस्तक जूनमध्येच संपायचं. मग ती बियाण्यांच्या पुड्यांवरचं वाचायची, औषधाच्या डब्यांवरचं वाचायची, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यावरचं वाचायची आणि येऊन विचारायची, "बाई, आर्द्रता म्हंजी काय?" सांगितलं की निमूट जायची. मी सांगितलेलं तिला कधी पडताळून बघावंसं वाटलं नाही. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

वडील जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात हंगामी कामावर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. आई गावातल्या शेडनेटांमध्ये क्रॉसिंगला जायची. आमच्याकडे बियाणे कंपन्यांसाठी मिरची-टोमॅटोचं बी तयार करतात. कळी उघडायच्या आत चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. दिवसभर वाकून हेच. बोटं बारीक लागतात म्हणून या कामाला बाया आणि पोरी.

चौथीत असताना मी तिचा ट्रस्टचा अर्ज भरला. परीक्षा जालन्याला, त्या खासगी शाळेतच होती. पेपर लवकर सुटला म्हणून तिथल्या एका बाईंनी मुलांना ग्रंथालय दाखवलं.  दुसऱ्या दिवसापासून ही पंधरा दिवस सगळ्या गल्लीला तेच सांगत होती. एवढाली कपाटं, त्यांना कुलूप न्हाई, कुणीबी घ्यावं अन् वाचावं. परीक्षेत तिचा नंबर वर लागला. आता राहिली होती फक्त गृहभेट.

गृहभेट म्हणजे ट्रस्टचा माणूस घरी येऊन परिस्थिती बघून जाणार. उत्पन्नाचा तहसीलचा दाखला जोडलेला होता, पण त्या दाखल्यांवर ट्रस्टचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. मोटारगाडी फिरवणाऱ्यांचे दाखले मी पाहिलेले आहेत. म्हणून माणूस येतो आणि बघतो. आदल्या आठवड्यात मी मुलीच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं, "ताई, सोमवारी जालन्याहून साहेब येणार आहेत घर बघायला. जरा नीटनेटकं ठेवा."

हे वाक्य मी का बोलले, ते मला चांगलं माहीत आहे. आम्ही बौद्ध वस्तीतले. आमच्या आईचा नियम होता की बाहेरचं कुणी यायचं असेल तर घर सारवलेलं, भांडी घासलेली आणि पोरांचे केस तेल लावून विंचरलेले असलेच पाहिजेत. आपल्या घरात येऊन कुणी नाक मुरडायचं नाही. नाक मुरडणारे तिनं जन्मभर पाहिले होते. ही मुलगीही आमच्यातलीच, आणि शहरातला साहेब त्या घरात पाय ठेवताना चेहरा कसा करील याचीच मला धास्ती. तो घरात काय शोधायला येणार आहे, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. डीएड झालेली, वीस वर्षं नोकरी केलेली बाई, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये!

सोमवारी साहेबांना घेऊन मी गल्लीत शिरले तर दारापुढे सडा, रांगोळी. साहेब म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, फुकट काम करणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. आत गेलो आणि मला गल्लीतली रीत आठवली.

त्या गल्लीत एक रीत आहे. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की सगळी गल्ली मिळून ते एक घर उभं करते. कुणी खुर्च्या देतं, कुणी काचेचे ग्लास, कुणी पलंगावरची नवी चादर. लग्न जमेपर्यंत घर मुलीच्या तोलाचं दिसलं पाहिजे, मग ज्याचं त्याला परत. चार दिवसांनी दुसऱ्या घरी पाहुणे आले की तेच सामान तिकडे. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही, बघायला येणाऱ्यांनाही ठाऊक असतं. आमच्या ताईंनी 'साहेब घर बघायला येणार' एवढंच ऐकलं होतं. आपल्या पोरीला बघायला येऊन राह्यले, असाच त्यांनी हिशेब केला.

पत्र्याच्या त्या दोन खोल्यांत सहा खुर्च्या होत्या. टीपॉय होता, कूलर होता, तोही फेब्रुवारीत. भिंतीला टेकवलेला टीव्ही होता. आणि कोपऱ्यात, ज्या घरचा पोरगा पुण्याला कंपनीत आहे त्यांचा मोठा लाल फ्रिज उभा होता. चार गड्यांनी हातगाडीवरून आणला असणार. त्याची वायर मागे गुंडाळलेली मला दिसत होती, कारण घरात पॉईंट एकच आणि तो कूलरला दिलेला. तरी ताईंनी त्याच फ्रिजमधून गार पाणी काढून दिलं. दुकानातून बर्फ आणून आत ठेवला होता.

साहेब हरखले. "वा, घर छान ठेवलंय," म्हणाले. मांडीवरच्या फॉर्मवर ते खुणा करत होते. कूलर, आहे. टीव्ही, आहे. मी समोर बसून पोह्यांची ताटली हातात धरली होती आणि त्या खुणा मोजत होते. अजूनही वेळ होता. 'साहेब, हे सामान गल्लीचं आहे,' एवढं म्हणायचं होतं. पण समोर ताई उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, अंगावर बहुतेक शेजारणीची साडी, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की मला तोंड उघडवेना. पाहुण्यांसमोर सामान मागून आणलंय असं बोलून दाखवायचं म्हणजे त्या बाईला उघडं पाडायचं. बघायला आलेल्यांसमोर असं कुणी बोलत नाही.

साहेबांनी मुलीला जवळ बोलावलं. पाढे विचारले, कविता म्हणायला लावली. मग सहज, कौतुकानं विचारलं, "बेटा, फ्रिज कधी घेतला?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"दिवाळीला," ती म्हणाली.

साहेबांनी लिहून घेतलं आणि फॉर्म माझ्यापुढे केला. वर्गशिक्षिकेची साक्षीदार म्हणून सही लागते. मी सही केली.

गाडीतून त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत मी दोनदा घसा साफ केला. तेवढ्यात तेच म्हणाले, "मॅडम, अशी कुटुंबं बघितली की बरं वाटतं. कष्ट करून वर येणारी माणसं." मला वाटलं, झालं काम! यांना घर आवडलं म्हणजे मुलगी पास. माणसाला गप्प बसायचंच असलं की कारण कुठूनही मिळतं.

मार्चच्या शेवटी यादी लागली. तिचं नाव नव्हतं.

मी अर्धा दिवस रजा टाकून ट्रस्टच्या कार्यालयात गेले. जालन्यात मस्तगड भागात एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते आहे. तिथल्या कारकुनानं फाइल काढून दाखवली आणि अगदी समजुतीनं सांगितलं, "मॅडम, मुलगी चांगली आहे, पण बघा ना, फ्रिज, कूलर, टीव्ही. देणगीदारांना करसवलत मिळते ती पैसा गरिबांसाठी खर्च होतो म्हणून. उद्या आयकरवाल्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, फ्रिजवाल्या घरात शिष्यवृत्ती कशी दिली, तर आम्ही काय दाखवायचं?"

मी सगळं सांगितलं. रीत सांगितली, वायर सांगितली, बर्फ सांगितला. तो ऐकून हसला, चिडला नाही. म्हणाला, "मी मानतो हो. पण कागदावर तुमची सही आहे. तुम्ही असं लेखी द्या की भेटीच्या वेळी खोटी परिस्थिती दाखवली. मग मी विश्वस्तांपुढे ठेवतो. मात्र नियम सांगून ठेवतो. खोटी माहिती दिली असं सिद्ध झालं की अर्ज कायमचा बाद. आणि वरच्यांनी ठरवलं तर तुमच्या शाळेचेही अर्ज बंद."

लिहून दिलं तर खोटं बोलले म्हणून बाद, नाही दिलं तर श्रीमंत म्हणून बाद. मी त्याला विचारलं, पुढच्या वर्षी? तो म्हणाला, प्रवेश फक्त पाचवीला. त्यानं मला चहा पाजला. त्या माणसाचा मला आजही राग येत नाही, आणि याचाच मला राग येतो.

गावात येऊन ताईंना सांगितलं तेव्हा त्या शेडनेटमधून नुकत्याच आल्या होत्या, हाताला मिरचीचा वास होता. आधी त्यांना समजेचना. "घर चांगलं दिसलं म्हनून न्हाई घेतलं?" त्यांनी तीनदा विचारलं. मग खाली बसल्या. "मंग आमी काय करायला पाह्यजे व्हतं बाई? घान दाखवायला पाह्यजे व्हती का?"

मी म्हणाले, चूक माझी आहे, मीच नीटनेटकं ठेवा म्हणाले. त्यांनी ते कानाआड केलं. लेखी देऊ का असं मी विचारलं तेव्हा मात्र ताडकन म्हणाल्या, "न्हाई, बिलकुल न्हाई. खोटारडे म्हनून लिहून देऊ नका. पोरीच्या नावाला बट्टा लागंल. गल्लीतल्या लोकांनी सामान दिलं, त्यांचंबी नाव निघंल."

मी 'बरं' म्हणाले. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की ताईंच्या अब्रूसाठी मी लिहून देत नाही. त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे माझी सही, माझी नोकरी आणि 'शिक्षिकेनं खोट्या पंचनाम्यावर सही केली' ही बातमी तालुक्याला पोचायची भीती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये मुलगी शेजारच्या गावच्या शाळेत पाचवीला गेली. तिथे पुस्तकांचं कपाट आहे, कुलूप लावलेलं. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सर आठवड्यातून दोन दिवस येतात. सुरुवातीला ती मला वाटेत भेटायची, काहीबाही विचारायची. मग विचारणं कमी झालं. वडिलांचं काम सुटलं, ते घरी बसले. मी मुलांच्या मासिकांच्या जुन्या अंकांचा एक गठ्ठा नेऊन दिला होता. पुढच्या खेपेला बघितलं तर ताईंनी तो पलंगाखाली नीट बांधून ठेवला होता, पोरीला सवड न्हाई म्हणाल्या.

गेल्या हंगामात एका रविवारी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला मी शिवारात फिरत होते. एका शेडनेटमध्ये डोकावले तर ती आईशेजारच्या ओळीत उभी होती. मी यादी पिशवीत घातली, तिचं नाव लिहायचं कारणच नव्हतं. ती शाळेत जाते, हजेरीपटावर आहे. फक्त रविवारी येते, आणि हंगामात शनिवारी, आणि घाई असली की शुक्रवारी.

हात थांबवून ती हसली. हातात चिमटा, गळ्यात लाल दोऱ्याची लडी. आई लांब गेली तसं तिनं हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशी मी दिवाळीला म्हनले ना. खरं सांगितलं असतं तर मला घेतलं असतं का?"

म्हणजे इतके दिवस हे ओझं तिच्याकडे होतं. तिच्या आईला वाटत होतं घरामुळे झालं, मला माहीत होतं माझ्यामुळे झालं, आणि ही अकरा-बारा वर्षांची पोर एका शब्दासाठी स्वतःला दोषी धरून बसली होती. त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. तू लहान होतीस, तोंड उघडायचं काम माझं होतं, मी उघडलं नाही, एवढंच. पण तसं सांगायचं म्हणजे त्या बिनकुलपाच्या कपाटांचं दार थोडक्यात हुकलं हेही सांगायचं, आणि ते ऐकून ती पुन्हा याच ओळीत वाकणार होती.

"नाही गं," मी म्हणाले. "जागाच कमी होत्या त्या वर्षी. काही म्हणाली असतीस तरी घेतलं नसतं."

 मग तिनं मान हलवली, बाईंनी सांगितलं म्हणजे झालं, आणि पुढची कळी उघडायला घेतली.