नलूताईंचे मंडळ

१९४८च्या मार्चात भोर संस्थान विलीन झाले आणि नलू प्रधानांचे विलायतेला जाणे राहून गेले. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या नलूताईंना दरबार अध्यापनाच्या शिक्षणासाठी पाठवणार होता. गरम कोटही शिवून झाला होता. पुढे त्यांनी पुण्याच्या कचेऱ्यांत खूप खेटे घातले, पण त्या मंजुरीला आता कोणी वाली नव्हता. त्याच सुमारास वडील वारले, धाकटी बहीण लग्न होऊन बडोद्याला गेली आणि नदीकडच्या आळीतल्या दोन खोल्यांत नलूताई एकट्या उरल्या.

काही वर्षांनी त्यांनी एक मंडळ काढले. भोर-वेल्ह्यातल्या हुशार मुलांना परदेशी शिकायला मदत करायची. शाळेत जायला पोरांच्या पायात वहाणा नाहीत आणि बाई बोटीच्या गोष्टी करतात, असे लोक बाजारात बोलत. मंडळात माणसे दोनच, नलूताई आणि म्हातारे वकील उपेंद्र गुप्ते. सुट्टीच्या दिवशी नलूताई वर्गणीसाठी दारोदार फिरत. कुणी देई, कुणी घरात असून नाही म्हणून सांगे.

पहिला मुलगा मिळाला तो डोंगरावरच्या धनगरवाड्यातला, ज्ञानू ढेबे. भोरला वसतिगृहात राहून शिकला, मुंबईत गुरांचा डॉक्टर झाला. मेंढ्यांच्या रोगांचा अभ्यास करायला ऑस्ट्रेलियातले एक विद्यापीठ त्याला फुकट शिकवायला तयार होते. बोटीचे भाडे आणि कपडेलत्ते मंडळाने करायचे ठरले. अडले ते आईपाशी. बाप नव्हता, भावंड नव्हते. नलूताई डोंगर चढून त्याच्या आईच्या, धोंडाबाईंच्या खोपटापर्यंत गेल्या.

धोंडाबाईंनी त्यांना दूध दिले, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमी सोता का न्हाई गेला?"

"माझं ठरलं होतं. राहून गेलं."

"म्हंजी माजं पोरगं तुमच्या वाटचं चाललंय व्हय?"

धोंडाबाई उठून मेंढरे आत घालून आल्या. मग म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला. पर तुमी येत जावा. त्याची खुशाली वाचून दावायला हितं कुनी न्हाई."

ज्ञानू गेला आणि नलूताई डोंगरावर जाऊ लागल्या. खुशालीचे पत्र वाचून व्हायला कितीसा वेळ लागणार? मग दोघी चुलीपाशी बसून राहत. धोंडाबाई बोलत त्या मेंढरांचे, नलूताई शाळेचे. एकीचे दुसरीला फारसे कळत नसे, तरी निघताना दोघींचा पाय जड होई. नलूताईंची वाट बघणारे घर आता तेवढेच होते.

ज्ञानूच्या दुसऱ्या वर्षी, भर पावसात वाट बंद असताना, धोंडाबाई तापाने गेल्या. चुलत दीर गेनबा पाऊस ओसरल्यावर खाली आला, तेव्हा भोरात कळले. गुप्ते वकिलांचे मत पडले की परीक्षा होईपर्यंत मुलाला कळवू नये. लोकांच्या विश्वासावर मंडळ उभे आहे, पहिलाच मुलगा नापास झाला तर कोणी दारात उभे करणार नाही.

"आई त्याची आहे," नलूताई म्हणाल्या. "तिच्यावर आपल्या मंडळाचा काही हक्क नाही."

त्यांनी कळवले. ज्ञानू त्या वर्षी नापास झाला. वकील मंडळातून बाहेर पडले, आणि ज्ञानूकडून पुढे एक ओळही आली नाही. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसे दिसली की नलूताई रेंगाळत, पण विचारायचे तरी काय, म्हणून पिशवी घेऊन घरी येत.

ज्ञानू परतला तो १९५९मध्ये, शिक्षण पुरे करून. नोकरी राजस्थानात लागली होती. धनगरवाड्यावर जाऊन तो नलूताईंकडे आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "शेवटी आई काय बोलली?"

"मी नव्हते रे तिथं. वाट बंद होती."

"गेनबा म्हणाला, 'बाई आल्या का' म्हणून ती विचारत होती." तो उठून उभा राहिला. "तुमचा राग नाही मला. पण इथं बसवत नाही."

तो वाकून पाया पडला आणि एसटी गाठायला गेला. नलूताई दारात उभ्या राहिल्या. फूल मिटावे तशी आळी संध्याकाळची शांत होत गेली.

पुढच्या वर्षी जवळच्या उत्रोली गावची एक मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठी विलायतेला जायचे म्हणून आली. नलूताईंनी तिला बसवून घेतले आणि गुण विचारायच्या आधी विचारले, "घरी मागं कोण आहे?"