फांदीचं जाड टोक

नोएली कास्तेरा भित्री आहे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर रानडुकरांच्या मोसमात दर रविवारी उजाडता उजाडता तिला एकटीला रानात कुणी धाडलं असतं? गॅस्कनी प्रांतातल्या त्या डोंगरपायथ्याच्या गावात शिकारीआधी माग काढणं हे मानाचं काम. सासऱ्यांचे, म्हणजे अबेल कास्तेरांचे, गुडघे गेले, मग हळूहळू डोकंही दगा देऊ लागलं. पण शुद्धीवर असतानाच त्यांनी कुत्र्याचा दोर मुलाला, फिर्मांला, न देता सुनेला दिला. फिर्मांचा हात बंदुकीवर बरा, पण तो रानात पाय आपटत चालतो, असं त्यांचं म्हणणं. नोएली हळू चालते. ती हळू चालायची, कारण तिचे पाय लटपटायचे. पण हे सांगणार कुणाला?

तांबूर त्या भागातल्या निळ्या शिकारी कुत्र्यांच्या जातीचा होता. अंगावर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची इतकी दाटी की लांबून निळसर दिसावा, कान गळ्यापर्यंत लोंबणारे, उंची नोएलीच्या मांडीएवढी. माग लागला की ही जात असा लांबलचक गळा काढते की पलीकडच्या खोऱ्यातल्या गाई माना वर करतात. तांबूरला मात्र दोराला असताना मुकं राहायला शिकवलं होतं. डुकराचा वास आला की त्याच्या मानेवरचे केस ताठ उभे राहत. नोएलीच्याही अंगावर काटा येई.

माग झाडीत शिरला की खाली वाकायचं, मातीत उठलेला खूर बोटांनी मापायचा, मग ओकची फांदी मोडून तिचं जाड टोक आतल्या बाजूला करून जमिनीवर ठेवायची. जाड टोक जिकडे, तिकडे जनावर. त्या फांदीच्या भरवशावर माणसं बंदुका घेऊन झाडीला वेढा घालत.

त्या रविवारी धुकं होतं. सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं पाहून नोएली पाय न वाजवता घराबाहेर पडली. तांबूरनं तिला थेट घरामागच्या उतारावरच्या काटेरी झाडीकडे ओढत नेलं आणि वळसा घालून झाडीच्या खालच्या अंगाला आणलं. हीच ती झाडी. नोएली लहान असताना तिच्या काकाला इथूनच फळीवर घालून बाहेर आणलं होतं, मांडी उसवलेली, चेहरा मेणासारखा. झाडीच्या तोंडाशी तांबूर थबकला. त्याच्या मानेवरचे केस बसलेलेच होते आणि शेपूट हलत होती. नोएलीनं ते पाहिलं. तेवढ्यात आत काहीतरी मोडलं आणि कुणीतरी जड श्वास सोडला.

ती वाकली नाही. लांबूनच फांदी फेकली, जाड टोक आत गेलं एवढं पाहिलं आणि तांबूरला खेचत परत फिरली.

शिकारी सूप पीत जमले होते. ओनोरे हा त्यांचा म्होरक्या, माग काढणाऱ्याला नीट विचारल्याशिवाय तो कुणाला उभं राहायची जागा नेमून द्यायचा नाही.

"खूर बघितलास?"

"बघितला."

"केवढा?"

नोएलीनं चार बोटं दाखवली. एवढ्या माणसांसमोर भ्याले म्हणायची तिला लाज वाटली, दुसरं काही नाही.

"म्हणजे धूड आहे. फिर्मां, बायकोनं तुझ्यासाठीच शोधलंय. फांदीपाशी तू उभा राहा."

"नेम चुकला तर आज जेवायला मिळायचं नाही," फिर्मां म्हणाला आणि सगळे हसले.

माग काढून देणाऱ्याचं काम तिथं संपतं. नोएली तांबूरला घेऊन घरी आली. चुलीपाशी डुकराच्या चरबीचा डबा उघडा पडला होता, वर बोटं ओढल्याच्या ताज्या खुणा. जुने शिकारी रानात जाताना माणसाचा वास लपावा म्हणून ही चरबी बुटांना चोपडतात. सासऱ्यांचे बूट जागेवर नव्हते. खोलीचं दार ढकललं तर अंथरूण गार. तांबूरनं डबा हुंगला आणि सकाळी हलवली होती तशीच शेपूट हलवली.

नोएलीनं जनावराचा नव्हे, मामंजींचा माग काढला होता, आणि त्यांच्यावर नेम धरायला त्यांच्याच मुलाला उभं केलं होतं.

शिंग वाजलं. कुत्री सोडली गेली. नोएली तांबूरच्या मागोमाग उतारावर धावली. तिच्या ओरडण्याला त्या कुत्र्यांच्या गळ्यांपुढे कोण विचारतो? झाडी आडवी आली. फिर्मां पलीकडच्या अंगाला होता आणि वळसा घालायला वेळ नव्हता. नोएली गुडघ्यांवर बसली आणि काट्यांत शिरली. काकाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. आपण रडतोय हेही तिला कळत नव्हतं.

आणि कुत्री एकाएकी गप्प झाली. झाडीबाहेरच्या प्रत्येक माणसाच्या लेखी याचा एकच अर्थ होता, जनावर आता बाहेर उसळणार.

फांदी टाकली होती तिथून थोडं आत, पडलेल्या खोडाशी अबेल होते. कुत्री त्यांचे बूट चाटत होती, आणि ते झुडूप धरून उठायची खटपट करत होते. झुडूप गदागदा हलत होतं. पानांपलीकडे नोएलीला बंदुकीची नळी दिसली. तिनं म्हाताऱ्यांवर अंग टाकलं. बार झाला. अंगावर पानं पडली.

"फिर्मां! तुझे वडील आहेत!"

बाहेर बंदूक जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

अबेलना गोळी शिवलीही नव्हती. घोटा सुजून टम्म झाला होता, एवढंच.

"सकाळी तुला बघितलं मी," ते म्हणाले. "हाक मारायला घसा चालेना, म्हणून हात वर केला. तू फांदी टाकून गेलीस. म्हटलं, चला, पोर माणसं आणायला गेली."

माणसं आलीच होती. फिर्मां वडिलांपाशी गुडघे टेकून बसला होता. मागे ओनोरे फांदी हातात घेऊन उभा होता. त्यानं काही विचारायच्या आतच नोएली बोलली.

"मी खूर बघितला नव्हता, मामंजी. मी भ्याले होते."

"ते ठाऊक आहे मला. दोर दिला तेव्हाही ठाऊक होतं," अबेल म्हणाले. "मीसुद्धा जन्मभर भ्यायलो. भिणारा माणूस खाली वाकून नीट बघतो, म्हणून तर तुला दिला."

नोएलीनं त्यांच्या बुटांशी घुटमळणारी कुत्री बाजूला सारली.

"माणसं आणलीस ना? मग उचला आता. गारठलोय मी."

त्यांना फळीवर घालून बाहेर आणलं. एका बाजूला फिर्मां होता, दुसऱ्या बाजूला नोएली, आणि दोघांचेही हात इतके थरथरत होते की ओनोरेला मधून आधार द्यावा लागला.