कोरडा कागद

सकाळी चहाचा कप घेऊन मी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जातो, गुडघ्यांची कुरकुर ऐकत वाकतो आणि दादाच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकाखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद पाहतो. आजही तो कोरडा होता. शेजाऱ्यांना वाटत असेल, हा माणूस या वयात चाकाच्या पाया पडायला लागला. वाकलं की ब्रेक ऑइलचा उग्र, जरासा गोडसर वास येतो, आणि त्याच्या मागोमाग संत्र्याच्या पानांचा. हा दुसरा वास खरा की आठवणीतला, ते आता सांगवत नाही.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. बगीच्यातली संत्री झाडावर असतानाच विकत घ्यायची, हा त्याचा धंदा. मोर्शी, शेंदूरजनाघाट आणि परत अमरावती, असं त्याचं सारं आयुष्य या गाडीनं वाहिलं. मागच्या सीटवर माणसांपेक्षा संत्रीच जास्त बसली. गाडीची दुरुस्ती तो घरीच करायचा, आणि ब्रेकमधली हवा काढायला दुसरा माणूस लागतो म्हणून मी. तो खाली पोत्यावर उताणा, मी वर पायडलवर. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा, “दाब... धर... सोड.” माझं लक्ष उडालं की खालून यायचं, “अबे, पायात जीव आहे का नाही तुह्या?” यंत्रविद्येतलं माझं शिक्षण एवढंच, एका पायाचं. मी हातात पाना घेतला की वहिनी देवाला हात जोडायची.

गेल्या उन्हाळ्यात दादाची उजवी बाजू गेली. वाचा टिकली, हात थोडा परतला. पाय मात्र उचलून ठेवावा तिथेच राहू लागला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, पण दादानं आपली परीक्षा आपणच ठरवली. “ज्या दिवशी ह्या पायानं माह्या गाडीचा ब्रेक दाबला जाईल, त्या दिवशी मी बरा. तोवर मले कोणी विचारू नका.”

ब्रेकही तेव्हा धड नव्हता. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या सांध्यातून, पायडल दाबलं की थेंब पडायचा. मी उत्साहानं नट आवळला. थेंब वाढले. अजून आवळला, तर धार लागली. शेवटी ती नळी पिशवीत घालून अकोल्याला, जुन्या शहरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं नळीचं तोंड नखानं चाचपलं. “फास लावल्यावानी आवळलं न जी तुमी. चीर गेली याले.” नवी नळी हातात देताना म्हणाला, “सांधा बसला का नाही, हे दाबल्याबिगर कळत नाही. दाब नसला तं फुटका सांधाही कोरडाच राह्यते.” घरी ती बसवताना दादाचा हुकूम झाला : तेल आत्ता बदलायचं नाही, आधी जुन्यावरच सांधा पाहू. नव्या तेलाचा डबा सीलबंद तसाच फळीवर गेला.

वहिनी आणि मी मिळून दादाला सीटवर बसवलं, त्याचा पाय उचलून पायडलवर ठेवला. मग मी पोत्यावर उताणा झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली आणि तो वर.

“दाब,” मी म्हणालो.

वर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग, “दाबला.”

मी सांध्याला बोट लावलं. कोरडा. “दादा, डाव्यानं दाब ना.”

“ब्रेक उजव्याचाच असते बे.” थोड्या वेळानं वरून विचारणा झाली, “गळते काय?”

“नाही. थेंबही नाही.”

ज्या उत्तरासाठी अकोल्याला जाऊन आलो होतो, ते मी इतक्या हळू दिलं की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

मग रोज सकाळी तो गाडीत बसू लागला. तो दाबणार, मी वाकून कागद पाहणार. थेंब पडला की पायात जोर आला, एवढंच आमचं गणित. गाडी गळावी म्हणून जीव टाकणारे दोन भाऊ आख्ख्या वऱ्हाडात आम्हीच असू. महिन्याभरानं माझाच धीर सुटला. एका सकाळी तो वर धापा टाकत असताना मी डब्याचं सील फोडलं, बोट बुडवून कागदावर एक थेंब सोडला आणि ओरडलो, “दादा, गळला!”

वहिनी कणकेच्या हातांनी धावत आली. दादानं कागद मागून घेतला, डाव्या हाताच्या बोटानं डाग चोळला, हुंगला, उजेडात धरला. मधासारखा पिवळा, स्वच्छ डाग.

“नळीतलं तेल काळ्या चहासारखं झालं आहे, बाबू,” तो म्हणाला. “हे डब्यातलं आहे.”

रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मांडीवरच कागदाची घडी घातली, ती मला दिली आणि वहिनीला म्हणाला, “चाल, मले आत ने.”

त्यानंतर तो गाडीत बसला नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहराची संत्री येऊन गेली. मिस्त्रीच्या नळीचा सांधा बसला की नाही, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. कळायला एक पाय पुरे, आणि मला आयुष्यात तेवढंच एक काम येतं. कधी गाडीचं दार उघडतोही. पण तिथे माझा पाय पडला तर दादाच्या पायाचा निकाल मीच लावल्यासारखा होईल. म्हणून दार लोटतो आणि कागद तेवढा बदलतो. काही गोष्टी कोरड्या राहतात, त्या दुरुस्त झाल्या म्हणून नव्हे.

आज वाकून उठताना ओसरीवरून, कित्येक महिन्यांनी, आवाज आला, “काय रे?”

“कोरडा आहे.”

“हं,” दादा म्हणाला. “चहा थंडा होऊन राहिला तुहा.”