मधात तुडवायचा राहिलेला कापूस

“ओढा! अवो, ओढा मले! खाली जाऊन राह्यलो मी!”

ओरडणारा माणूस आमच्या बैठकीच्या खोलीत, पांढऱ्याशुभ्र चादरीच्या मधोमध, छातीपर्यंत कापसात रुतलेला होता. पोह्यांची प्लेट मात्र त्यानं डोक्यावर अशी धरली होती की एक शेंगदाणाही सांडला नव्हता. हा माणूस म्हणजे माझ्या मुलाला सांगून आलेल्या मुलीचे वडील. महागावला कचेरीत नोकरी, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. घरात आल्यापासून “आपलं घर प्रशस्त आहे”, “वातावरण प्रसन्न आहे” असं रेडिओवरच्यासारखं बोलत होते. पण माणूस रुतला की रेडिओ बंद पडतो आणि घरची बोली बाहेर येते.

आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडचे लोक एकदा मुलाचं घर पाहून जातात. भिंती पाहतात, विहीर पाहतात, न्हाणीत डोकावतात. आमच्या घरात पाहण्यासारखा फक्त कापूस होता, कारण बाकीचं सगळं त्यानं झाकलं होतं.

बोरी अरबच्या बाजूला आमचं गाव. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. ज्याला थोडी कळ काढणं जमत होतं, तो वावरातला कापूस घरात भरायचा आणि भाव वाढायची वाट पाहत बसायचा. आमच्या घरात तर इतका कापूस की आमची मांजर दिवाळीच्या सुमारास गंजीत शिरली ती शिवरात्रीला तीन पिल्लं घेऊन बाहेर आली, आणि पिल्लांना उंदीर पकडता येत होते. देवघराचा कोनाडा कापसामागे गेला. उदबत्ती लावायची सोय नव्हती, एक ठिणगी उडाली की घर गेलं. मी आपली देवाला नुसते हात जोडायची, तेही तो कुठं असेल त्या अंदाजानं. रात्री अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. आम्ही माणसं ओसरीत झोपायचो आणि पिढीजात बैठकीत कापूस आरामात लोळायचा.

“अवो, इकून टाका नं एकदाचा,” मी घरधन्याला म्हणायची.

“भाव पाहू,” ते म्हणायचे.

पुढं पुढं त्यांना ती सवयच लागली. भाजी कोणती करू? भाव पाहू. दाढी करता का? भाव पाहू. मी मेले तर मला उचलायच्या आधीसुद्धा हा माणूस एकदा भाव पाहून येईल, असं मी गावभर सांगत फिरायची. गाव हसायचं. गावातल्या घरोघरी तीच परिस्थिती होती, म्हणून जरा जास्तच हसायचं.

पण मुलाचं हसण्यावारी नेता येत नव्हतं.

मोठी मुलगी लग्न करून पुण्याला गेली. तिचं बरं चाललं होतं. फोनवर विचारायची, “आई, कापूस घरात आहे की तुम्ही कापसात?” धाकटा मात्र शेतीतच राहिला. दिसायला चांगला, कामाला बैलासारखा, बोलायला मात्र असा की त्याच्यापेक्षा आमची विहीर बरी, ती निदान ओ तरी देते. सोयरिकी आल्या नाहीत असं नाही. पण शेतकरी पोरगा म्हटला की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठायचे. एकीच्या मामानं तर उंबऱ्यातूनच विचारलं, “नोकरी नाही काय कुठं?” मुलानं मान हलवली आणि त्यांना पाणी दिलं.

त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात कशासाठी यायचं ते इथं सांगायला नको. मी बाहेर हसायची, पण पोरगा दुपारी घरी यायला उशीर झाला की काही ना काही निमित्त काढून वावरात जायची. कधी ताक घेऊन, कधी विसरलेला रुमाल घेऊन. एकदा निमित्तच सुचलं नाही तर कोंबडी हरवली म्हणून गेले. आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या. तो कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत वाकून काम करत होता. मला पाहिलं आणि म्हणाला, “सापडली काय?” मी म्हटलं, “सापडली.” त्याला सगळं कळत होतं. त्याच्या जिवाला कुणीतरी सोबतीण पाहिजे, एवढं एकच मागणं मी त्या दिसत नसलेल्या देवाजवळ मागत होते.

म्हणून महागावचे पाहुणे येणार म्हटल्यावर मी कंबर कसली. ओसरीत तुरीनं भरलेले कट्टे, आतल्या खोलीत आमचे संसार. बसवायचं कुठं? घरधनी म्हणाले, “बाहेर सतरंजी टाक.” बाहेर बसवायला ते काय बँड वाजवायला येत होते? मी म्हटलं, बैठकीतच बसवू, गंजीवर. दाराकडचा कापूस चांगला तुडवून घट्ट करायचा, वर गादी, गादीवर मुलीच्या लग्नातली चादर, मागं लोड. असं आसन तर एखाद्या राजालाही मिळालं नसेल.

दार लावून घेतलं, पदर खोचला आणि चढले.

कापूस तुडवणं म्हणजे काय ते ज्यानं केलं नाही त्याला सांगून समजत नाही. माहेरी कापसाची गाडी भरायची तेव्हा आम्ही पोरी वर चढायचो. खालून माणसं ओझी टाकायची आणि आम्ही नाचून नाचून तो दाबायचो, म्हणजे तेवढ्याच गाडीत जास्त कापूस मावायचा. माझ्या वजनाची त्या काळी ख्याती होती. मी तुडवलेल्या गाडीत दुप्पट कापूस बसायचा आणि बैल दुसऱ्या दिवशी सुट्टी मागायचे. पाय आत जायचा, वर यायचा, पुन्हा जायचा. ऊन लागलेला कापूस तळव्यांना गरम लागायचा, त्याला सरकीचा तेलकट वास यायचा. गाडी भरली की आम्ही तशाच वरून खाली उड्या टाकायचो. आई ओरडायची, “पाय मोडून घेसान, मग कोण करन तुह्याशी लगन!” तेव्हा लग्नाची इतकी घाई कुणाला होती? मला तर वाटायचं, जन्मभर कुणी खालून कापूस टाकत राहावं आणि मी वर नाचत राहावं.

त्या दिवशी बंद दाराआड पहिले चार पाय टाकले आणि कळलं, हे पायांना अजून आठवतं. इतकी वर्षं मी कापूस वेचला, वाहिला, झाडला, त्याच्यावरून नवऱ्याशी भांडले. त्याच्यावर नाचले नव्हते. लग्नानंतर सासूसमोर कोण नाचणार? मग पोरं झाली, मग ती नाचायला लागली, आणि मी खाली उभी राहून “पाय मोडून घेसान” म्हणणारी झाले. हे कधी झालं, कुणी सांगितलं, काही आठवत नाही. गाणंही म्हटलं असतं, पण गुडघ्यांनी त्याच्या आधीच आपलं गाणं सुरू केलं. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला. कडा झाल्या होत्या. मधला भाग राहिला होता. वरून गादी टाकली की कुणाला दिसतं, असं म्हणून मी उतरले.

आता प्रमुख पाहुण्याला कडेला कुणी बसवतं का? मीच म्हटलं, “अशे मधात बसा नं भाऊ, आरामात.”

तर ते आरामात खाली जात होते.

“कापूस मळन, कापूस! पोहे सांभाळा!” घरधन्यांनी ओरडून सांगितलं. “डाग पडला तं भाव पडते!”

मुलानं एका हातानं प्लेट घेतली, दुसरा हात त्यांच्या काखेत घातला आणि मुळा उपटावा तसं त्यांना वर काढलं. ते उभे राहिले. केसांत कापूस, मिशीत कापूस, पेनाच्या टोपणात कापूस. पाठोपाठ खाज सुरू झाली. नोकरीवाला माणूस सोयऱ्यांच्या घरात खाजवणार कसा? ते भिंतीला पाठ लावून हळूहळू वर-खाली व्हायला लागले.

त्यांची मुलगीही सोबत आली होती, ती दाराजवळ उभी होती, हातात पाण्याचा पेला. माझ्या पोराकडे पाहिलं तर तो चादर सरळ करत होता, मान खाली. गेली ही पण सोयरीक, म्हटलं. माझ्या पायांनीच घालवली.

आणि मुलीची आई हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग कुडाला हात टेकून. ती बाई मूळची मारेगावकडची, कापसातच वाढलेली, लग्न होऊन कचेरीत गेलेली.

“कोनं तुडवला वं हा?” तिनं विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

“मधात काहून नाही तुडवला?”

“दूध उतू गेलतं.”

“दूध जाऊ द्याचं होतं नं बाई! आमच्या घरी असा तुडवला असता तं माह्या बापानं मले गाडीखाली बांधलं असतं.” आणि तिनं पदर खोचला.

“अगं, काय करतेस?” तिचा नवरा भिंतीजवळून म्हणाला. रेडिओ पुन्हा लागला होता.

“तुमी खाजवा आरामात,” ती म्हणाली आणि नवी साडी घोट्यावर धरून गंजीवर चढली. “या वर, इहीणबाई. एकटीनं होत नसते हे.”

इहीणबाई म्हटलेलं मी ऐकलं. पण ऐकलंच नाही असं दाखवलं, नाहीतर शब्द परत घ्यायची. चढले मुकाट्यानं.

मग आम्ही दोघी बायांनी जे तुडवलं, ते पाहायला मारेगावपासून महागावपर्यंतची माणसं जमली होती असं मी सांगत असते. खरं म्हणजे पाहायला खोलीत चौघंच होती. एकमेकींचे खांदे धरले, ती बुडाली की मी ओढायची, मी बुडाले की ती. बांगड्यांचा आवाज, धापा आणि हसणं. तिचा अंबाडा सुटला. क्षणभर मला समोर पन्नाशीची बाई दिसेचना. परकर खोचलेली, दोन वेण्यांची, शेजारच्या गाडीवरची कुणी पोरगी दिसली. तिला माझ्यात काय दिसलं ते विचारायचं राहून गेलं.

खाली मुलगी माझ्या मुलाला म्हणाली, “तुमी नाही तुडवत?”

“मी ओढाले हाव,” तो म्हणाला.

त्यावर ती हसली. माझ्या पोरानं बाईमाणसाला हसवलं! मी वरून पाहिलं आणि पाय अजून जोरात टाकला.

मग आम्ही दोघी वरच बसलो, डोकं छताच्या टिनाला लागेल इतक्या उंच. चहा वर मागवला. तिथून आमची दोघींची पोरं खाली लहान लहान दिसत होती. ती हळू आवाजात म्हणाली, “गादीत पन कापूसच असते, बाई. पन लगन झाल्यापासून त्याच्यावर नुसती झोपून राह्यली मी.” मी तिच्या सुटलेल्या केसांतला कापूस वेचला. मग तिनं विचारलं, “पोरगा लय कमी बोलते?” मी म्हटलं, “बोलते. कामापुरता.” ती म्हणाली, “आमच्या घरी लय बोलणारा हाय एक. चालते.”

ते गेले. जाताना वडिलांनी “कळवतो” एवढंच म्हटलं आणि मोटरसायकलवर बसण्याआधी फाटकाच्या खांबाला पाठ घासून घेतली.

पुढचे दिवस फोन वाजला की मी पीठ लागलेल्या हातानं धावायची. पोरगा विचारत नव्हता, पण जेवताना हात फोनच्या बाजूला ठेवून बसायचा. मी पुन्हा ताक घेऊन वावरात जायला लागले होते.

शेवटी फोन आला, तिच्या आईचा. ओसरीत आम्ही तिघं जेवत होतो. “पोरगी हो म्हणते,” ती म्हणाली. “हे पन तयार हायेत. पन यांचं एकच म्हणणं हाय. घरातला कापूस बाहेर निघाल्याबिगर तारीख काढायची नाही. नवरी काय गंजीत ठेवान?”

मी फोन ठेवला, डोळे पुसले, आणि घरधन्यासमोर बसून तोंडाचा पट्टा सोडला. पोराचं वय काढलं, माझे गुडघे काढले, मांजरीची पिल्लंसुद्धा काढली. म्हटलं, “आता तरी इका बाप्पा! पोराच्या लगनाच्या आड तुमचा कापूस येऊन राह्यला!”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बैठकीच्या दाराकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्या उत्तराची थट्टा करत आले. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर कळलं, हा माणूस भावाची वाट नुसता सवयीनं पाहत नाही. वर्षभराच्या मेहनतीला कुणीतरी बरं म्हणावं, याची वाट पाहतो आहे. तरीही ते म्हणाले तेच.

“भाव पाहू.”

मुलानं ताटात हात धुतला, उठला, आणि गमछ्याला हात पुसत म्हणाला,

“कापसाले गाडी सांगून आलो मी. सकाळी येते.”