पाचारण

पाळक होण्यासाठी देवाची जी हाक येते, तिला आमच्या मंडळीत ‘पाचारण’ म्हणतात. नोकरीसाठी अर्ज तरी करता येतो. पाचारणाची नुसती वाट पाहावी लागते. आणि त्या वर्षी देव आमच्या अलिबागच्या चर्चचा पत्ता बहुधा विसरला होता.

पाळक म्हणजे माझेच वडील, पपा. सत्तरी कधीच ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांच्या जागी यायला कोणी नव्हतं, म्हणून तेच एसटीने मुरूडला जात, आगरदांड्याहून होडीने खाडीपलीकडे जात. कुठे बाप्तिस्मा, कुठे मयत. मंडळीतली तरुण मुलं गिरण्यांत आणि रेल्वेत नोकरीला लागली होती. बाकांवर उरलेली म्हातारी माणसं गीताचं शेवटचं कडवं बसूनच म्हणत.

मी शाळेत शिक्षिका होते. पपांना अक्षर दिसेनासं झालं तेव्हा ते सांगत आणि मी उपदेश लिहून घेई. हळूहळू ते अर्धंच सांगू लागले. मग पूर्ण उपदेश मीच लिहायला लागले; शनिवारी दोनदा वाचून दाखवला की त्यांचा पाठ होई. चर्चच्या दारात लोक त्यांचा हात धरून म्हणत, आजचा उपदेश काळजाला भिडला. पपा मान डोलावत. मला राग येत नव्हता म्हटलं तर ते खोटं होईल.

दिवाळीच्या सुमारास वरिष्ठांचं पत्र आलं. नाताळपूर्वी धर्मशिक्षणासाठी उमेदवार पाठवा, नाहीतर चर्चला कुलूप लावून मंडळी दुसरीकडे जोडली जाईल. पत्र मीच वाचून दाखवलं. ‘उमेदवार’ या शब्दापाशी मी थांबले. पुरुष असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पपांनी तीन रविवार विचारून पाहिलं. कोणी हललं नाही. चौथा रविवार शेवटचा, कारण सोमवारी उत्तर टपालात टाकायचं होतं. शनिवारी मी उपदेश लिहायला बसले. ‘ज्याला पाचारण झालं असेल त्याने’ हे नेहमीचे शब्द मी गाळले आणि लिहिलं, ‘ज्या कोणाला पाचारण झालं असेल.’ पपांनी ते दोनदा ऐकलं. तसंच पाठ केलं.

रविवारी उपदेश संपला. सगळ्यांनी डोळे मिटून माना खाली घालाव्यात, असं पपा म्हणाले. मग म्हणाले, “ज्या कोणाला पाचारण झालं असेल, त्या व्यक्तीने उभं राहावं.”

मी उठले, आणि बाक करकरला.

पपांनी चेहरा वर केला. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून पाहिला नव्हता.

“कोण आहे?” त्यांनी विचारलं.

पहिल्या बाकावर मंडळीचा कारभार पाहणारे म्हातारे गृहस्थ बसत. त्यांनी मागे वळून पाहिलं. मी दिसले, माझ्या शेजारची खिडकी दिसली, आणि त्यांना प्रामाणिकपणे जे वाटलं तेच ते बोलले. “कोनी न्हाय, पाळकसाहेब. बाई खिडकी लावायला उठल्यात.”

पपांचा चेहरा विझला. मला खाली बसता आलं असतं. कोणाला कधी कळलंही नसतं.

“खिडकी लावलेलीच आहे,” मी म्हणाले. “मी उभी आहे, पपा.”

मिटलेले डोळे एकेक करून उघडले. पपांनी दोन्ही हातांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली. ते हो म्हणतील असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. माझा प्रत्येक शब्द त्यांनी आजवर स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता.

“बस, बाय,” ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी हात जोडले आणि समारोपाची प्रार्थना म्हटली. तीही मीच लिहून दिली होती. प्रभू, या मंडळीसाठी आमच्यातून कोणाला तरी उभं कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी अजून उभीच होते.