गोठ्यात आलेली पालखी

माझं ऑपरेशन चांगलं झालं होतं, आणि तीच माझी पंचाईत होती. मणक्यातली सरकलेली गादी मुंबईच्या डॉक्टरांनी काढली, टाके वाळले, नंतरचा एमआरआय बघून ते म्हणाले, शीर आता मोकळी आहे. फार काळ दबून राहिल्यामुळे तिला सावरायला वेळ लागेल, थोडं दुखणं कायमचंही राहील, असंही ते म्हणाले होते. मी गावात येऊन फक्त ‘मोकळी आहे’ एवढंच सांगितलं. प्रत्यक्षात कंबरेपासून डाव्या अंगठ्यापर्यंत आग होत होती. पायाला नुसती चादर लागली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आणि गंमत अशी, की तोच पाय वरून इतका बधिर, की चालताना चप्पल कधी सुटली ते मला कळायचंच नाही. मागून कोणी तरी ओरडायचं, “अरे, चप्पल राह्यली तुजी!” एकदा लाजेपोटी मी ठोकून दिलं, की अनवाणी चालायचा नेम धरलाय. मग तो नेम पाळावा लागला. माघ-फाल्गुनात आमच्या कातळावरून अनवाणी चालणं काय असतं, ते चालणाऱ्यालाच विचारा.

खोटं बोलायचं कारण होतं. मी मुंबईला निघण्याआधी सगळ्या वाडीनं वाघजाईच्या देवळात माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. मी परतलो तेव्हा जो तो म्हणत होता, “बाय पावली तुला.” आता त्यांना ‘अजून दुखतंय’ म्हणून सांगायचं म्हणजे देवीलाच खोटं पाडायचं. शिवाय आतून मी तिच्यावर चिडलेला होतो. इतकी वर्षं तुला खांद्यावर नाचवली, त्याचं हे फळ का, असं मनात यायचं आणि तसं आल्याची पुन्हा लाज वाटायची.

शिमग्यात आमच्याकडे देवीची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसतात आणि पालखी घरोघर जाते. पुढच्या दांड्याला माझा खांदा ठरलेला. ढोल तापला की मी भान हरपून नाचायचो. खूण काढायचा खेळही असतो. कोणीतरी एक नारळ जमिनीत पुरून ठेवतो आणि पालखी नाचत नाचत बरोबर त्या जागी जाऊन थांबते. हे कसं होतं, असं मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात. दांडा खांद्यावर असला की ओढ लागते, यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

त्या वर्षी माझा थोरला चुलतभाऊ, सुभाषदादा, आधीच सांगून गेला होता, “औंदा पुढं तूच. बाय पावलीय, आता खांदा दिलाच पायजे.” मी बरं म्हटलं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पालखी आमच्याकडे यायच्या दिवशी सकाळी मी बायकोला सांगितलं, की मी औषधं आणायला रत्नागिरीला गेलोय म्हणून सांग.

ती रांगोळीची वाटी हातात घेऊन उभी होती. “देवीसमोर मना खोटा बोलाय लावता?” ती म्हणाली.

“मग सांग, नवरा लंगडा झाला म्हणून,” मी खेकसलो.

ती अंगणात गेली. गेले कित्येक महिने माझी आंब्याच्या कलमांची बाग तीच सांभाळत होती. मला वाकता येत नाही म्हणून माझ्या पायाची नखंही तीच काढायची. तिच्याशी मी असा बोललो.

घरामागे आमचा गोठा आहे. जनावरं विकल्यापासून तिथे नारळ आणि सोललेल्या नारळांची सोडणं पडलेली असतात. त्या ढिगाशेजारी चटई टाकून मी आडवा झालो आणि माडाच्या झापाचं दार ओढून घेतलं. पन्नाशीचा माणूस, गावचा मानाचा खांदा, आणि पोरासारखा लपलेला.

ढोल अंगणात आले. सुभाषदादाचा आवाज आला, “ह्यो कुटं गेला?” मग बायकोचा आवाज, अगदी बारीक, “औषधा आणाय गेलेत.” तो आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी लाज झाकायला मी तिला देवीसमोर उभं केलं होतं. ओटी भरली गेली. आता पालखी शेजारी जाईल, सुटलो एकदाचा, असं मला वाटलं. पण ढोल थांबेना. त्याची गत वाढली, पावलांचा धपधपाट विहिरीच्या बाजूने मागे येताना ऐकू यायला लागला. कोणीतरी म्हणालं, “अरे, इकडं खंय नेताव?” झापाचं दार पालखीच्या दांड्यानंच ढकललं गेलं.

कोणी म्हणेल, माझ्या बायकोची नजर गोठ्याकडे गेली असेल आणि दादानं ती हेरली असेल. मी दोघांनाही अजून विचारलेलं नाही.

ढोल बंद पडला. सगळी वाडी दारात, आणि मी सोडणांत पडलेला. उठायला गेलो तर पायात कळ अशी गेली की तोंडातून आवाज निघाला आणि मी पुन्हा खाली बसलो. मला वाटलं, जमीन दुभंगावी. गुरवकाका पुढे आले. आमच्या सगळ्यांत वयाने मोठे. त्यांनी मला नीट पाहिलं आणि बायकोला म्हणाले, “पाट आण गो.” तिनं दोन पाट आणून चटईशेजारी मांडले आणि खांदेकऱ्यांनी पालखी त्यांच्यावर टेकवली.

तेव्हा मला देवीचं तोंड दिसलं. अर्ध्या हातावर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. वयात आल्यापासून मी तिला वाहत होतो. खांदेकऱ्याला पुढची वाट दिसते, दांडा दिसतो, समोरच्याची पाठ दिसते. पालखीतली देवी त्याच्या पाठीशी असते. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून एका डोळ्यापर्यंत आलं होतं. तिच्याकडे शांतपणे बघत बसायला मला कधी फुरसतच झाली नव्हती.

“काय सांगना हाय तुजा?” गुरवकाका म्हणाले. “पुढ्यात हाय ती.”

“दुखतंय,” मी म्हटलं. “आपरेशन झाला तरी दुखतंय. आनि मना लाज वाटते.”

मी रडलो, सगळ्यांसमोर. गुरवकाकांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “बाये वाघजाये, ह्या तुज्या लेकरान इतकी वर्सा तुला खांद्यावर घेतलान. आज तो निजलेला हाय म्हनून तू खाली बसलीस. तेचा दुखना किती ऱ्हायचा ता तुला ठाव. पन तेची लाज तेवडी तू आज घेऊन जा.”

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली. त्यात मला बायकोचा आवाज वेगळा ऐकू आला.

दुखणं गेलं नाही. ते आजही आहे. गोळ्यांनी थोडं दबतं, पावसाळी हवेत उफाळतं. पण त्या दिवसानंतर मी ते लपवणं सोडलं, आणि अनवाणी चालायचा नेमही. देवीची अब्रू मी राखायला निघालो होतो, जणू काही तिला माझ्याच खांद्याचा आधार होता. त्या रात्री बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, “पाय वर घ्या, नखा वाढलीत.”

यंदाच्या शिमग्यात मी अंगणात बाजेवर पडून होतो. पालखी आली तेव्हा बाजेशेजारी पाट मांडलेले होते, आणि मी तिला पोटभर पाहिली. संध्याकाळी सगळ्यांबरोबर हळूहळू देवळाकडे निघालो, तर मागून सुभाषदादाची हाक आली, “अरे, चप्पल राह्यली तुजी.” मी थांबलो. तो चप्पल घेऊन आला आणि माझ्यासमोर खाली बसला. थोरल्या भावानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो. माझा पाय आपोआप मागे गेला.

“आण इकडं,” तो म्हणाला.

मी पाय पुढे केला.