कुत्र्याने खाल्लेला इंच

...तर फाटक उघडलं आणि चारशे पौंडांचा तो काळा गोऱ्हा थेट ट्रेव्हिनच्या अंगावर! डेल्बर्ट क्रुस्का कुंपणाला रेलून ओरडला, "धरायचं नाही हं पोरा! धरलंस की फाउल!"

डेल्बर्टची ही जुनीच परीक्षा. अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या क्लबासाठी टॅकल हुडकत एकतीस वर्षं तो नेब्रास्कातली लहानसहान कॉलेजं पालथी घालत होता. टॅकलने करायचं काय, तर मागे उभा असलेला आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत समोरून मुसंडी मारणाऱ्याला थोपवायचं, तेही मिठी न मारता. "गोऱ्हा थोपवला त्याने माणूस थोपवला," हे डेल्बर्टचं शास्त्र.

ट्रेव्हिन हॉलबेक साडेसहा फुटांचा, वजनाला त्या गोऱ्ह्याहून थोडाच कमी. पण बूड खाली, पाठ ताठ, आणि पावलं अशी आडवी सरकत होती की चिखलाला वाटावं, कुणी इस्त्री फिरवतंय. गोऱ्हा डावीकडे, हा डावीकडे. गोऱ्हा उजवीकडे, हा आधीच तिथे. शेवटी गोऱ्हा दमला आणि मुकाट त्याचं कोपर चाटू लागला.

डेल्बर्टने डोळे पुसले. ट्रेव्हिनची आई म्हणाली, "त्यात काय एवढं? घरी फ्रीजपुढे तो असाच उभा राहतो. कुण्णाला पुढे जाऊ देत नाही."

उरला हात. क्लबाचा नियम कडक होता. हात साडेतेहतीस इंचांच्या खाली भरला, की नाव यादीतच चढत नाही. बड्या कॉलेजांची पोरं मोठ्या चाचणीला जातात, तिथे मोजली जातात. ट्रेव्हिनच्या कॉलेजाला कोण विचारतो? डेल्बर्टचा आकडा तोच शेवटचा. त्याने खिशातली शिवणाची टेप काढली, टोक खांद्याच्या हाडावर दाबलं आणि मधल्या बोटाशी आकडा वाचला. चौतीस!

घरी येऊन त्याने टेप टेबलावर आपटली. "चौतीस, मार्लिस! आजवर असले पाय पाहिले नाहीत मी, आणि वर चौतीस!"

त्याची बायको मार्लिस कोलाचीच्या, म्हणजे गोड पावांच्या, पिठात जर्दाळूचा मुरांबा भरत होती. पिठाच्या हातानेच तिने टेप उचलली. "अगं बाई, ही अजून आहे? मी टाकून दिली होती ना ही? आपल्या ड्यूकने खाल्ली म्हणून."

"कुठे खाल्लीय? चांगली अख्खी आहे."

"चष्मा लाव. पहिला आकडा कुठला दिसतो?"

डेल्बर्टने चष्मा लावला. "...दोन."

कुत्रा मरून चौदा वर्षं झाली होती. त्याने खाल्लेला इंच मात्र आज बाहेर आला. वीस वर्षं हा माणूस बोटाकडचं टोक वाचत आला, खांद्याकडच्या टोकाकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे त्या पोराचा हात तेहतीसच," मार्लिस म्हणाली. "गेला की रे बिचारा."

डेल्बर्टने भाजून निघालेल्या तीन कोलाची खाल्ल्या. चव कळली नाही. मग त्याने क्लबात पॅलिस्टरला फोन लावला. पॅलिस्टर त्याचा वरिष्ठ, वयाने त्याच्या निम्मा.

"साहेब, माझी टेप खोटी निघाली. हॉलबेकचा हात तेहतीस."

"अरेरे. मग खोडतो त्याला."

"खोडा. पण मग सगळेच खोडा. वीस वर्षं मी हीच टेप वापरतोय. दिलेला प्रत्येक टॅकल एकेक इंच तोकडा आहे."

"प्रत्येक? आपला वेंडेल पकेटसुद्धा? अहो, दहा वर्षं खेळला तो!"

"कागदावर साडेतेहतीस. खरा साडेबत्तीस."



"डेल्बर्ट, दहा वर्षं आमच्या डोळ्यांदेखत खेळला हो तो," पॅलिस्टर पुटपुटला. "कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"गडी मागे जाऊच दिला नाही त्याने, तर हात कोण मोजत बसणार?"

"बरं. मग आता या हॉलबेकपुढे मी लिहू तरी काय?"

डेल्बर्ट म्हणाला, "हात तेहतीस लिहा साहेब, खरं तेच लिहा. आणि शेजारी लिहा, गोऱ्हा सुटला नाही."